हद्द कुणी हलवली?

धडगावकडच्या एका गावातल्या वनहक्क दाव्याची हद्द सरकली आहे. गेल्या खेपेला छापलेल्या नकाशात ती नाल्याला भिडलेली होती. या आठवड्याच्या नकाशात नाला बाहेर राहिला आणि नाल्याकाठची ओलाव्याची पट्टीही बाहेर राहिली. दावा करणाऱ्या घराला रब्बीचं चार दाणे पीक मिळतं ते त्याच पट्टीत. मी विचारलं, हद्द कुणी हलवली? नकाशे करणारे तुम्ही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. आधी वाटलं, एकमेकांना पाठीशी घालताय. मग लक्षात आलं की तसं नाही, तुम्हाला खरोखरच माहीत नाही. पोरांनो, हे त्याहून वाईट आहे. लपवणाऱ्याला निदान दटावून बोलतं करता येतं.

डेटाबेसात बदलाची नोंद ठेवणारा ट्रिगर तुम्हीच लावलाय. मी शिकवला तसाच लावलाय, त्यात चूक नाही. तो प्रत्येक बदलापुढे वेळ लिहितो आणि बदल करणाऱ्याचं नाव लिहितो. मी ती नोंद उघडून पाहिली. नाव आहे पोस्टग्रेस, डेटाबेसचं मूळ सुपरयूजर खातं. खालच्या ओळीत पोस्टग्रेस, त्याच्या खालच्या ओळीतही पोस्टग्रेस, अख्ख्या तक्त्यात दुसरं नावच नाही. डोंगरात फिरून मोजणी करणारा पोस्टग्रेस, ऑफिसात बसून पॉलिगॉन काढणारी पोस्टग्रेस, दोन महिन्यांसाठी आलेला इंटर्नही पोस्टग्रेस. सगळ्यांनी एकाच नावानं आत शिरायचं ठरवल्यावर त्या बिचाऱ्या ट्रिगरनं वेगळं काय लिहायचं होतं?

मग मी तुमची प्रोजेक्ट फाईल उघडली. क्यूजीआयएसमध्ये नाही. क्यूजीझेड फाईल म्हणजे साधी झिप असते. ती सोडली, आतली क्यूजीएस फाईल नोटपॅडमध्ये घेतली आणि ‘पासवर्ड’ हा शब्द शोधला. पहिल्याच लेअरच्या ओळीत सगळं समोर आलं: डेटाबेसचं नाव, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट 5432, युजर पोस्टग्रेस आणि त्याला लागून अवतरणचिन्हांत पासवर्ड, शाळेतल्या पोरालाही वाचता येईल असा. जिल्ह्याचं नाव आणि पुढे 123. जितके लेअर तितक्या वेळा तोच. ही फाईल तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली आहे. त्या ग्रुपमध्ये काम सोडून गेलेली माणसं आहेत, नकाशे छापून देणारा दुकानदार आहे, आणि एक नंबर असा आहे की तो कुणाचा, हे तुमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही.

नवीन कनेक्शन करताना ‘बेसिक’ टॅबमध्ये युजरनेम आणि पासवर्डच्या शेजारी ‘स्टोअर’ची चौकट असते. तिथं टिक केली की पासवर्ड उघडाच साठतो, तुमच्या प्रोफाइलमध्येही आणि प्रोजेक्ट फाईलमध्येही. क्यूजीआयएस हे मुकाट्यानं करत नाही. समोर इशारा आणतो की पासवर्ड असुरक्षित साठेल, नको असेल तर कॅन्सल करा. तुम्ही तो इशारा वाचला नाही. ओके दाबून पुढे गेलात. पट्ट्यांच्या नकाशावर काम करणाऱ्या माणसाला समोरचा मजकूर न वाचता अंगठा उठवण्याची सवय असेल, तर त्याच्या हातात हे काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दाव्यांच्या तक्त्यात काय आहे ते तुम्ही विसरलात का? नवऱ्याचं आणि बायकोचं नाव आहे, कारण 2006 च्या वनहक्क कायद्यानं लग्न झालेल्यांचा पट्टा दोघांच्या नावे करायला सांगितलंय. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा कशावरून, याचे पुरावे आहेत. क्षेत्र आहे, जे जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंतच मान्य होतं. कुणा म्हाताऱ्याचा जबाब आहे. मोबाईल नंबर आहे, आणि माझ्या सूचनेला न जुमानता तुम्ही घातलेला आधार क्रमांकाचा रकाना आहे. तो पुसा, हे मी सांगून झालं होतं. देशातला पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यात, टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 ला दिला गेला. ज्या जिल्ह्यातून ही गोष्ट सुरू झाली, तिथल्या शिकल्यासवरल्या पोरांनी तोच क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पासवर्डच्या आड ठेवायचा? 2016 चा आधार कायदा हा क्रमांक जाहीर मांडायला मनाई करतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की माहिती बाळगणाऱ्यानं ती जपण्याची पुरेशी व्यवस्था करायची, आणि त्यात कसूर झाली तर दंडाची मर्यादा 250 कोटी रुपयांपर्यंत जाते. मला मात्र दंडाच्या भीतीनं शहाणी झालेली पोरं नको आहेत.

तुमच्यातले निम्मे इथलेच आहात. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यातले 69 टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे नोंदले गेले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी 33 गावं आली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. आपलं नाव यादीत यावं म्हणून त्या माणसांनी किती वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. कागदावरची एक ओळ चुकली की पुढची पिढी निस्तरत बसते, हे ज्यांच्या घरात घडलंय, त्यांना मी हे समजावून सांगायचं?

आता सबबींकडे येऊ. तुमची पहिली सबब मला पाठ झाली आहे: “मॅडम, एरर येत होता.” हो, येत होता. मोजणीवाल्या पोराचं वेगळं लॉगिन केलंत, तक्त्यावर त्याला ओळ घालायची परवानगी दिलीत, आणि त्यानं पहिला पॉलिगॉन साठवायला घेतला तेव्हा ‘परमिशन डिनाइड फॉर सिक्वेन्स’ असं आलं. ओळीचा क्रमांक ज्या सिक्वेन्समधून येतो, तिच्यावर वेगळी परवानगी लागते. एका ग्रँटचं काम होतं ते. तक्ता करताना तो रकाना आयडेंटिटी प्रकारचा केला असता तर तेवढंही लागलं नसतं. तुम्ही काय केलंत? त्याला सुपरयूजर केलंत. एरर गेला, सगळे खूश. एका दाराची किल्ली मागणाऱ्याला तुम्ही अख्ख्या वाड्याचा मालक करून टाकलंत. सुपरयूजरला पोस्टग्रेस परवानगी विचारतच नाही, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. त्यानं तक्ता पाडला तरी अडवणारं कुणी नाही, त्यानं दुसऱ्याचा पासवर्ड बदलला तरी नाही.

दुसरी सबब अशी की एकानं आणलेला लेअर दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून वेगळी लॉगिन सोडून सगळे एकाच लॉगिननं जातात. का दिसत नाही? जो तक्ता तयार करतो तो त्याचा मालक होतो, आणि मालकानं दिल्याशिवाय दुसऱ्याला तो उघडता येत नाही. आधीच्या सगळ्या तक्त्यांवर वाचायची परवानगी दिलीत म्हणून उद्या होणाऱ्या तक्त्यावर ती आपोआप लागत नाही. त्यासाठी डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस बदलावी लागतात, आणि तीही त्या-त्या तक्ते करणाऱ्या रोलच्या नावानं. इथं बरीच माणसं फसतात. अ‍ॅडमिननं स्वतःच्या नावानं आज्ञा चालवली आणि तक्ते केले दुसऱ्यानं, तर काहीच होत नाही. फसलात म्हणून मी रागावलेली नाही. फसल्यावर पुस्तक उघडलं नाही, विचारायला आला नाहीत, चोरवाट शोधलीत, म्हणून रागावलेय.

कसं करायचं ते पुन्हा सांगते, आणि यापुढे सांगणार नाही. तक्त्यांचा मालक कुणी माणूस ठेवायचा नाही. एक रोल करायचा, त्याला लॉगिन द्यायचंच नाही, आणि सगळे तक्ते त्याच्या नावावर ठेवायचे. तक्ता पाडणं मालकाला जमतं. क्यूजीआयएसच्या ब्राउझरमध्ये लेअरवर उजवी कळ दाबून डिलीट केलं की सर्व्हरवरचा तक्ता खरंच जातो, लेअरच्या पट्टीतून काढून टाकण्यासारखं ते नसतं. तुमच्यातल्या एकानं मागे तेच केलं होतं आणि आपण आठ दिवसांपूर्वीच्या बॅकअपवर आलो होतो. मालकीच नसती तर त्याचा हात तिथं पोचलाच नसता.

मग कामाप्रमाणे गट: वाचणारे, मोजणी भरणारे, तपासणारे. हेही लॉगिन नसलेलेच रोल. डेटाबेसला जोडण्याची, स्कीमात शिरण्याची, तक्ता वाचायची किंवा त्यात भर घालायची परवानगी गटाला द्यायची, माणसाला सुटी काही द्यायची नाही. माणसाचं लॉगिन त्याच्या नावाचं असेल आणि त्याला गटात बसवायचं. मोजणीवाला उद्या तपासणीला आला तर एका गटातून काढून दुसऱ्यात घालायचं, बस. पब्लिक स्कीमात कुणालाही तक्ते करता येण्याची मुभा पोस्टग्रेसनं 15 व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसपुरती काढून टाकली, पण तुमचा डेटाबेस जुना आहे आणि सर्व्हर वर नेताना जुन्या परवानग्याही बरोबर आल्या आहेत. ती मुभा हातानं काढा.

भरणारा आणि तपासणारा वेगळा हवा, हे काही संगणकवाल्यांनी शोधलेलं नाही. गावात जमिनीचा फेरफार कसा होतो ते पाहा. तलाठी नोंद लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चा आहे, त्यातल्या कलम 150 मध्ये हे सगळं आहे. लिहिणाऱ्याच्या हातात प्रमाणित करायचं नाही. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो, सही असते, तारीख असते. पन्नास वर्षांपूर्वीचा फेरफार काढून त्यावर कुणाची सही होती ते सांगता येतं. तुमच्या सर्व्हरवर पंधरा दिवसांपूर्वीचा बदल कुणी केला ते सांगता येत नाही. मग आपल्या यंत्राचा गर्व कसला करायचा?

आणि मोजणीची ओळ भरली गेली की ती लगेच नकाशावर चढता कामा नये. भरलेल्या नोंदी एका तक्त्यात, तपासून मान्य केलेल्या दुसऱ्या तक्त्यात, आणि मान्य तक्त्यात लिहायची परवानगी फक्त तपासणाऱ्यांच्या गटाला. छपाईवाल्याला मान्य तक्ता वाचता आला की पुरे. तो पॉलिगॉनचा एक कोपराही हलवू शकणार नाही, चुकूनसुद्धा नाही. माझा अंदाज आहे की नाल्याकाठची हद्द अशीच चुकून हलली असणार. नकाशा सुबक दिसावा म्हणून कुणीतरी एडिटिंग चालू ठेवून लेअरमध्ये खेळत होतं, एक बिंदू ओढला गेला, जाताना सेव्ह विचारलं आणि हो म्हटलं. वाईट हेतू मी कुणावर लादत नाही. पण हा अंदाज आहे, आणि अंदाजावर मला त्या घरातल्या बाईसमोर उभं राहायचं नाही. जुन्या बॅकअपमधून भूमिती काढून परस्पर बसवू नका. तिला, तिच्या नवऱ्याला आणि वनहक्क समितीच्या माणसांना घेऊन जागेवर जा, हद्दीवरून चालत पुन्हा मोजा. कायद्यातही पडताळणी समितीनं जागेवर करायची आहे. उपग्रहाचं चित्र आणि असली साधनं पूरक म्हणून आहेत, इतर पुराव्यांची जागा ती घेत नाहीत, असं 2012 च्या दुरुस्तीनंतरचे नियम सांगतात. तुमच्या संगणकावरची रेघ ग्रामसभेपेक्षा मोठी नाही.

अक्कलकुव्याच्या गटानं धडगावच्या नोंदी उघडायचं कारण नाही. पोस्टग्रेसमध्ये 9.5 आवृत्तीपासून ओळीओळीवर धोरण लावता येतं. तालुक्याच्या रकान्यावरून कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात, कुठल्या बदलता याव्यात, हे ठरवा. मात्र सुपरयूजर आणि तक्त्याचा मालक यांना हे धोरण एरवी अडवत नाही. म्हणजे आज तुम्ही ते लावलंत तरी शून्य उपयोग, कारण तुम्ही सगळेच सुपरयूजर आहात. नावं, नंबर, जबाब हे वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि नकाशासाठी फक्त दावा क्रमांक आणि भूमिती असलेला व्ह्यू द्या.

प्रोजेक्ट फाईल सगळ्यांनी वाटून घ्यायला माझी हरकत नाही, तिच्यात पासवर्ड नको. ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये ऑथेंटिकेशन कॉन्फिग करा. पासवर्ड मास्टर पासवर्डनं कुलूपबंद होऊन तुमच्याच मशीनवर राहतो आणि फाईलमध्ये उरतो तो फक्त सात अक्षरांचा आयडी. तो आयडी हातानं ठरवता येतो. सगळ्यांनी आपापल्या मशीनवर एकच आयडी ठेवायचा आणि त्याखाली स्वतःचं लॉगिन भरायचं. फाईल एक, माणसं वेगळी, नोंद ज्याच्या-त्याच्या नावावर. अर्ध्या तासाचं काम आहे. मास्टर पासवर्ड मात्र विसरलात तर परत मिळत नाही, तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर मला दिसता कामा नये.

सातपुड्यात रेंज नसते, म्हणून डेटा फोनवर न्यावा लागतो, हे मला मान्य आहे. पण एक समजून घ्या. सर्व्हरवरून जिओपॅकेजमध्ये उतरवलं की तुमचे सगळे ग्रँट तिथंच संपले. त्या फाईलला ना युजर, ना परवानग्या. फोन जीपमध्ये राहिला, ज्याच्या हाती लागला त्याचा झाला. तुम्ही अख्ख्या तालुक्याचा तक्ता फोनवर नेता. का? ज्या गावात जायचं त्या गावापुरतं न्या, नावांशिवाय न्या, आणि परत आलात की भरून झाल्यावर पुसा.

तुमच्या प्रमुखानं मला सांगितलं, “मॅडम, आमचा एकमेकांवर विश्वास आहे.” हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. विश्वास असेल, असावाच. पण आज ही हद्द सरकल्यावर तुमच्यातली जी मुलगी रात्री अकरापर्यंत बसून अचूक काम करते, तिला स्वतःचं निर्दोषपण दाखवायला काय शिल्लक ठेवलंत? तिचं नाव कुठेच नाही. तिचं चांगलं कामही पोस्टग्रेसच्या नावावर आणि दुसऱ्याची चूकही तिच्या डोक्यावर. वेगळं लॉगिन म्हणजे संशय, असं समजता तुम्ही. उलट आहे. संशयाला जागा राहू नये म्हणूनच ते लागतं. आणि प्रमुख म्हणून तू हे ठरवायचं होतंस. एरर आला की सुपरयूजर करून द्यायचं, हा तुझा निर्णय होता. बाकीच्यांनी तो मान्य केला म्हणून तुझी जबाबदारी कमी होत नाही.

गेल्या वर्षीची दोन पोरं नोकरी लागून गेली, त्यांची लॉगिन अजून चालू आहेत. ती चांगली आहेत, मी त्यांना ओळखते. तरी चालू का? माणूस गेला त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करायचं, मग सवडीनं त्याच्या नावावरच्या वस्तू दुसऱ्याकडे वळवायच्या आणि शेवटी रोल काढायचा. तसं केल्याशिवाय पोस्टग्रेस रोल काढूही देत नाही. ठरावीक मुदतीसाठी आलेल्याला पहिल्याच दिवशी पासवर्डची अखेरची तारीख घालून द्या, पण त्यानं उघडी असलेली जोडणी तुटत नाही, हेही लक्षात ठेवा. ती पाहून वेगळी तोडावी लागते.

आता कामाला लागा. आज संध्याकाळच्या आत पोस्टग्रेसचा पासवर्ड बदला. नवा पासवर्ड दोघांकडेच राहील, आणि रोजच्या कामाला तेही तो वापरणार नाहीत. पीजी-एचबीए फाईलमध्ये ‘ट्रस्ट’ लिहिलेल्या ओळी आहेत, त्या काढून एससीआरएएम करा. सगळ्या जगातून जोडणी घेऊ देणारी ओळही काढा, ऑफिसच्या जाळ्याबाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून या. ग्रुपवरची फाईल पुसून उपयोग नाही, ती कुणाकुणाच्या फोनमध्ये उतरली आहे, म्हणून तर पासवर्ड आधी बदलायचा. आधारचा रकाना माझ्यासमोर काढायचा, जुन्या बॅकअपमधूनही. सोमवारी सर्व्हरवरच्या सगळ्या रोलची यादी छापून आणा. प्रत्येक नावापुढे हा माणूस कोण, आज कुठलं काम करतो आणि त्या कामाला कुठल्या तक्त्यावर कुठली परवानगी लागते, हे पेननं लिहिलेलं असेल. ज्या नावापुढे तुम्हाला काही लिहिता येणार नाही, ते लॉगिन तिथल्या तिथे बंद होईल. मग ते माझं असलं तरी.